दत्ताचा गुरुवार आणि गिअरचं तेल

दत्ता गेल्याची बातमी आली तेव्हा मी त्याच्यावर तोंडसुख घेत होतो. मनातल्या मनात नव्हे, चांगलं मोठ्याने, आत शालनला ऐकू जाईल असं. गुरुवार होता. आमच्या कारखान्याची सुट्टी गुरुवारची, आणि गेली कित्येक वर्षं सुट्टीच्या सकाळी दत्ता आकुर्डीहून सायकल मारत दापोडीला माझ्या घरी येणार म्हणजे येणार, हे ठरलेलं. त्यात काही गुरुवार खंड पडला होता. मी दाढी करता करता बडबडत होतो, "येऊ नको म्हटलं तर हा खरंच येत नाही! एवढा कसला मान लागून गेलाय याला?" येऊ नको असं मीच त्याला सांगितलं होतं, हे शालनला, माझ्या बायकोला, ठाऊक होतं. तेवढ्यात दत्ता कारखान्याच्या ज्या प्रयोगशाळेत होता तिथला एकजण स्कूटर दारात लावून आत आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला की पहाटे छातीत दुखायला लागलं, इस्पितळात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. माझ्या अर्ध्या गालावर साबण तसाच होता. तो टॉवेलने पुसला आणि निघालो… अर्ध्या दाढीनेच त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. लोकांना वाटलं, दुःखाने याचं भान गेलंय. दुःख नंतर आलं. आधी आली ती शरम, आणि ती अजून गेलेली नाही.

आमची ओळख तेलावरूनच झाली. पिंपरीत कारखाने नुकते उभे राहत होते तो काळ. मी ट्रकच्या कारखान्यात चाचणीचा ड्रायव्हर होतो. केबिन नाही, छप्पर नाही, नुसता लोखंडी सांगाडा. त्यावर फळी टाकून बसायचं, डोक्याला मफलर गुंडाळायचा आणि मुंबई-पुणे रस्त्यावर पिटाळायचं. दत्ता चिपळूणकडचा, रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालेला. कारखान्यात येणाऱ्या सगळ्या तेलांची तपासणी त्याच्याकडे. पहिल्याच दिवशी मी त्याच्या टेबलाशी जाऊन भांडलो होतो. कोणत्या तरी गाडीचा गिअर अडकत होता आणि मी छातीठोकपणे म्हणालो, तेल खराब आहे. त्याने माझ्या हातातली बाटली घेतली, दोन थेंब अंगठ्यावर घेऊन चोळले, नाकाशी नेले आणि शांतपणे, त्याच्या कोकणी वळणात म्हणाला, "तेल चांगला आहे. हात खराब आहे." असा राग आला म्हणून सांगू! संध्याकाळी फाटकाबाहेर त्याला गाठायचाच असं ठरवून उभा राहिलो, आणि गाठल्यावर आम्ही चहा प्यायला गेलो.

पुढे एक लाल गाडी आम्ही दोघांनी मिळून घेतली. मुंबईत जिची टॅक्सी करतात तीच छोटी इटालियन बनावटीची गाडी, पुण्यात कँपातल्या एका पारशी म्हाताऱ्याच्या आवारात कोंबड्यांची विष्ठा अंगावर घेत पडली होती. मला शर्यतीचं वेड होतं. तेव्हा घाटात, जुन्या विमानपट्ट्यांवर हौशी मंडळी गाड्या पळवायची. त्यातले बहुतेक पैसेवाले. आमच्यासारखे कारखान्यातले कुठले तिथे! पण हात चांगले होते आणि खाज होती. इंजिनाचं डोकं तासून घेतलं, दोन कार्ब्युरेटर बसवले, स्टिअरिंगच्या दांड्यालगत असायची ती गिअरची काठी काढून खाली मधोमध उभी केली. गाडी अशी उसळायला लागली की शालन एकदा बसली ती परत कधी बसायला तयार झाली नाही. राहिलं होतं गिअरबॉक्समधलं तेल. ते निवडणं दत्ताचं काम.

आता इथे थोडं समजावून सांगायला हवं. त्या गाडीत पहिला सोडून वरच्या गिअरांना पितळी कड्या असतात. गिअर एकमेकांत शिरण्याआधी या कड्या घट्ट घासून दोघांचा वेग जुळवतात. मगच काठी सुरळीत बसते. नाहीतर खर्रकन आवाज येतो आणि बोटांपासून खांद्यापर्यंत झणझणतं. दत्ता म्हणायचा, दातांना हवं निसरडं तेल आणि कड्यांना हवी पकड, आणि दोघं नांदणार एकाच घरात. हे शहाणपण मात्र नंतरचं. त्या वेळी आम्ही दोघंही ट्रकच्या कारखान्यात मुरलेले. ट्रकच्या मागच्या आसात जे जाड, उग्र वासाचं तेल घालतात ते दहा-दहा टनांचा भार सोसतं, मग आपल्या एवढ्याशा गाडीला ते म्हणजे अमृतच, असा आमचा सरळ हिशोब. आमच्या कारखान्यातल्या कुणालाही विचारलं असतं तरी त्याने हेच सांगितलं असतं. जे ट्रकला चालतं ते जगात कुठेही चालतं, ही आमची श्रद्धाच होती. तपासून उरलेल्या नमुन्यांतलं ते तेल दत्ताने गाळून आणलं आणि मोठ्या प्रेमाने भरलं.

काही महिने गाडी छान पळाली. मग तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना कुरकुर सुरू झाली. मी म्हटलं, तेल आणखी जाड घाल. त्याने घातलं. पुढच्या शर्यतीआधी सराव म्हणून खंडाळ्याच्या घाटात गेलो होतो. उतारावर, वळणाच्या तोंडाशी मी दुसरा टाकायला गेलो आणि काठी आत जाईना. पुन्हा ढकलली. नुसता खर्र… गाडी मोकळी सुटली, ब्रेक एकट्याने काय करणार! कठड्याला धडकलो. समोरचा पत्रा आत आला आणि माझा डावा गुडघा त्यात चिणला गेला. दत्ता वरच्या वळणावर घड्याळ घेऊन उभा होता. तो धावत आला. दार उघडेना तेव्हा त्याने खिडकीतून आधी हात घातला तो माझ्या पायाला नव्हे, गिअरच्या काठीला. ती हलवून बघितली आणि तिथेच मटकन खाली बसला. पुढे किती वेळा आम्ही यावर हसलो… मी रक्ताने माखलेलो आणि हा गिअर तपासतोय! पण त्या दिवशी त्याचा चेहरा मी पाहिला होता, आणि मला वाटतं तोच चेहरा मी पुढे जन्मभर त्याच्यावर डकवून ठेवला.

गुडघा वाकेनासा झाला. ट्रकचा क्लच दाबणं संपलं, मला स्टोअरमध्ये टाकलं. दत्ता रोज इस्पितळात यायचा, खुर्चीच्या अगदी कडेवर बसायचा. गाडी उघडल्यावर पितळी कड्या पार गुळगुळीत झालेल्या आणि काळवंडलेल्या निघाल्या होत्या. त्या तेलातला गंधक पितळेला खात होता आणि तेल इतकं निसरडं की कड्यांना पकडच राहिली नव्हती. हे त्याने मला स्वतः सांगितलं, मान खाली घालून. मी म्हटलं, जाड तेल घाल म्हणून कोण ओरडत होतं? चूक निम्मी माझी. तो म्हणाला, "वसंता, तू ड्रायव्हर. तेल माझा काम होता." यावर आम्ही वॉर्डात इतके भांडलो की नर्सने त्याला बाहेर काढलं.

त्याच सुमारास त्याचं लग्न झालं. नलूवहिनी नव्या संसाराला आल्या आणि बघतात तर काय, स्टोव्हवर भाताच्या पातेल्यात काळं तेल उकळतंय आणि त्यात तांब्याची पट्टी बुडवलेली! पट्टी जेवढी काळी पडेल तेवढं ते तेल पितळेला वाईट, अशी ती परीक्षा. प्रयोगशाळेत ती रीतसर होतेच, पण याला धीर कुठला. सडक्या अंड्यांसारखा वास साऱ्या चाळीत गेला. वहिनींनी स्टोव्ह, पातेलं आणि नवरा तिन्ही गॅलरीत काढून कडी लावली. ही गोष्ट त्या अजूनही रंगवून सांगतात… म्हणजे, आतापर्यंत सांगायच्या.

मी बरा झाल्यावर एका गुरुवारी तो दुरुस्त केलेली लाल गाडी घेऊन दारात हजर. मी म्हटलं, हिचं मी काय करू, लोणचं घालू? डाव्या पायाने क्लच दाबता येत नाही मला. तर म्हणाला, "क्लच लागतो कशाला?" निघताना एकदा कंबरेतून जोर लावून कसाबसा दाबायचा, एकदा चाकं फिरायला लागली की इंजिनाचा आवाज कानाने जुळवायचा आणि गिअर नुसता सोडायचा, आपोआप बसतो. ते मला शिकवायची गरज नव्हती, ट्रकवाल्यांच्या हातात ते असतंच. पण त्यासाठी तेल नेमकं हवं. फार जाड असेल तर थंडीच्या सकाळी काठी खिळल्यासारखी उभी. फार पातळ असेल तर गिअर बसतो सुरेख, पण गिअरचा डबा रडायला लागतो आणि दात झिजतात. फार निसरडं असेल तर काय होतं ते माझ्या गुडघ्याला विचारा.

मग सुरू झाले आमचे गुरुवार. साधं नव्वद नंबरचं तेल एक भाग, त्यात इंजिनाचं तीस नंबरचं किती. थंडीत किती, वैशाखात किती. तो गाडीखाली शिरायचा, जुनं काढायचा, बोटावर घेऊन उन्हात धरायचा. पितळेची कणी चमकली की चेहरा पडायचा, नाही चमकली की गाडीखालूनच गायला लागायचा, आणि गळा देवाने दिलेलाच नव्हता. नवं तेल भरलं की आम्ही निघायचो भोसरी, मोशी, इंद्रायणीचा पूल ओलांडून चाकणपर्यंत. तेव्हा तो रस्ता मोकळा. बाजूला बाजरी, कांद्याच्या बैलगाड्या, आणि मध्ये आमची ही लाल चिचुंद्री. दत्ता शेजारी बसून डोळे मिटायचा. गिअर बदलताना माझ्याकडे बघायचा नाही, नुसता ऐकायचा. "तिसऱ्याचो दुसरो अजून कुरकुरता," असं म्हणायचा. आनंदात असला की त्याची बोली थेट गावाकडे पळायची. चाकणला चहा, भजी, आणि परत. घरी आल्यावर जेवायच्या आधी तो शालनच्या फोडणीच्या तेलाचा वास घ्यायचा आणि सांगायचा की वहिनी, वाण्याने यात सरकी मिसळली आहे. शालन लाटणं उगारायची. गुरुवार म्हणजे दत्ताचाच वार, असं ती म्हणायची. हो, आणि एक सांगायचं राहिलं. ती गाडी आम्ही परत कधी शर्यतीत नेली नाही, तरी दत्ता तेल निवडायचा ते शर्यतीचंच. मध्यंतरी मुंबईच्या एका तेल कंपनीने त्याला बोलावलं होतं, मोठी जागा होती. तो गेला नाही. का, ते मी विचारलं नाही. माझं उत्तर माझ्यापाशी तयार होतं.

मला वाटायचं, हे सगळं माझ्या पायामुळे चाललंय. सुरुवातीला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. मग जड व्हायला लागलं. पन्नाशीकडे झुकलेला माणूस उन्हातान्हात सायकल मारत येतो, माझ्या गाडीखाली पाठ टेकतो, धापा टाकत बाहेर येतो… आणि मी वर ओट्यावर पाय लांब करून बसलेला. मला शरम वाटायची आणि शरम वाटली की मी खेकसतो, हा माझा स्वभाव. स्टोअरमधला एकजण एकदा सहज म्हणाला, "काय राव, तुमच्या पायाचं प्रायश्चित्त घेतोय बिचारा अजून." ते वाक्य माझ्या डोक्यात कुसळासारखं रुतून बसलं. ठरवलं, याला आता मोकळा करायचा. चांगलं भाषण जुळवलं मनात, रोज घोकलं. आपण फार मोठ्या मनाचं काहीतरी करणार आहोत, असं वाटत होतं मला. आज ते आठवलं की स्वतःच्याच मुस्कटात मारावीशी वाटते.

शेवटच्या गुरुवारी तो आला तोच फुललेला. काहीतरी नवीन मिश्रण जमवलं होतं, काय ते सांगेना, आधी चालवून बघ म्हणाला. तेल भरून झालं, हात पुसत तो ओट्यावर बसला आणि मी सुरू केलं. "दत्ता, आता बास. माझ्या पायाचं तुझ्या डोक्यावर काही नाही. कधीच नव्हतं. पुढच्या गुरुवारपासून येऊ नकोस, जरा आराम कर." तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, गहिवरलाय. मग म्हणाला, "बरं." हातातलं फडकं घडी करून ठेवलं आणि म्हणाला, "गाडी मात्र फिरवून बघ." दुसरा चहा घेतला नाही, जेवायला थांबला नाही. शालन आतून बाहेर आली तोवर सायकल गल्लीच्या टोकाला गेली होती. ती मला म्हणाली, काय बोललात हो त्यांना? मी म्हटलं, तुला नाही कळायचं, त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं मी.

पुढच्या गुरुवारी सकाळपासून माझे कान दाराकडे. त्याच्या पुढच्याही. येऊ नको म्हणणारा मीच, आणि आला नाही म्हणून फुगून बसणाराही मीच. आकुर्डी काय परदेशात आहे? पण नाही गेलो. गाडीही फिरवली नाही. तो येईल, शेजारी बसेल, मग बघू, अशी अढी धरून बसलो. आणि मग ती स्कूटर दारात आली.

तेरावा झाल्यावर पाहुणे पांगले. नलूवहिनींनी मला थांबवून घेतलं. म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारते. त्या गुरुवारी काय झालं हो तुमच्याकडे?" त्यांनी सांगितलं, तो त्या दिवशी जेवणाआधीच घरी परतला होता. फार विचारलं तेव्हा म्हणाला, वसंताला आता माझा कंटाळा आलाय. पुढच्या गुरुवारी उठून आंघोळ केली, गाडीखाली घालायचा तो जुना खाकी सदरा चढवला आणि दाराशी खुर्ची टाकून बसून राहिला. जात का नाही विचारलं तर म्हणाला, बोलावलं नाही. दुपारी सदरा काढून ठेवला. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच.

मी कसंबसं सांगितलं, वहिनी, मला त्याला मोकळं करायचं होतं. माझ्या पायाचं ते मनाला लावून घेऊन इतकी वर्षं राबत होता म्हणून… "पायाचं?" त्या म्हणाल्या. "पायाचं पहिलं वर्षभर होतं. झोपायचे नाहीत. पण नंतर ते विसरून गेले, भाऊजी. अहो, ते तुमच्याकडे मजेला यायचे. मुंबईची नोकरी का सोडली ठाऊक आहे? मला म्हणाले, तिथे गुरुवारी चाकणला कोण नेणार मला?"

विसरून गेला होता. माझा न वाकणारा गुडघा रोज माझ्यासमोर असायचा, म्हणून मी धरून चाललो की त्याच्याहीसमोर तोच असणार. इतकी वर्षं एक मित्र माझ्या घरी आनंदाने येत होता आणि मी त्याला गुन्हेगारासारखी माफी देत बसलो होतो. कधी उघड, कधी खेकसून. आणि शेवटी तर माफी देऊन घालवूनच दिला.

दुसऱ्या दिवशी मी गाडी काढली. एकटाच. भोसरी मागे टाकली आणि इंद्रायणीच्या उतारावर तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आलो. क्लचला पाय लावला नाही. काठी अशी बसली की बसल्याचं हाताला कळलंही नाही. कुरकुर नाही, डब्याचं रडणं नाही. पुन्हा तिसरा, पुन्हा दुसरा. इतकी वर्षं तो जे शोधत होता ते त्याला सापडलं होतं, आणि ते त्याला सांगायला मी त्याच दिवशी एक फेरी मारायला हवी होती. त्या तेलात काय किती घातलंय, ते त्याच्याबरोबर गेलं. गाडी कडेला घेतली आणि रडलो, चांगला हमसून रडलो. बैलगाडीवाला थांबून विचारायला लागला, "गाडी बंद पडली व्हय, दादा?" मी नाही म्हणून हात हलवला.

परस्पर आकुर्डीला जाऊन वहिनींना सांगितलं, तेल जमलं होतं त्याचं. त्या हसल्या, डोळे पुसले. मग मी दर गुरुवारी जायला लागलो. रॉकेलच्या रांगेत उभा राहिलो, गळका नळ बदलला, गॅलरीचा पत्रा ठोकून दिला. चहा नको म्हणायचो, खुर्चीच्या कडेवर बसायचो, काम संपलं की उठायचो. वहिनी दोन-तीन गुरुवार बघत राहिल्या. मग एक दिवस माझ्या हातातला पाना काढून घेतला आणि म्हणाल्या, "भाऊजी, राग मानू नका. प्रायश्चित्त म्हणून येत असाल तर येऊ नका. मजेला यावंसं वाटलं, तर या."

त्यानंतर दर गुरुवारी सकाळी मी आंघोळ करतो, किल्ली घेतो, गाडीत बसतो. शालन दारातून बघत असते. निघायच्या आधी मी स्वतःला विचारतो, मजेला चाललास ना रे? … अजून एकदाही हो म्हणता आलेलं नाही, आणि गाडी दारातून हललेली नाही.